गायरानातला मुरूम: ८५० ब्रास की ३,९००?

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. त्यानंतर ज्या एका प्रकरणात मी सुरुवातीपासून आजवर गुंतलो आहे, त्याची ही हकिकत. गाव, माणसं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायद्याची कलमं, दंडाचा हिशोब आणि आमच्या चुका जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

तीनशे उंबऱ्यांचं गाव, तालुका कायम टँकरवर. गावाच्या उत्तरेला ६१ हेक्टरांचा माळ आहे. सातबाऱ्यावर नाव 'सरकार', पुढे नोंद 'गुरचरण', म्हणजेच गायरान. देखभाल ग्रामपंचायतीची, मालकी शासनाची. हा फरक गावात बहुतेकांना ठाऊक नव्हता आणि नंतरचा अर्धा वाद त्याच्यावरच झाला.

माळावर वीतभर माती. तिच्यात कुसळी, पवन्या, मारवेल. खाली मुरूम आणि त्याखाली पाषाण. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आणि पुढे दिवाळीपर्यंत चाळीसेक घरांच्या शेळ्यामेंढ्या या गवतावर निघतात. माळाच्या पूर्व कडेला नऊ भूमिहीन कुटुंबं थोडी थोडी जमीन कसतात. हुलगा, मटकी, पाऊस बरा झाला तर ज्वारी. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर येईल, कारण या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय त्यांच्यापाशी येऊन ठेपला होता.

२०२२ च्या हिवाळ्यात जवळून जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम सुरू झालं. कंत्राटदाराकडे ५०० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरमाचा रीतसर परवाना होता, पण तो गायरानाला लागून असलेल्या एका खासगी गटातला. त्या गटात मुरूम पातळ निघाला आणि मग पोकलेन बांध ओलांडून माळावर आलं. माळाच्या कडेला एका ग्रामपंचायत सदस्याच्या भावाने तीन एकराला तारेचं कुंपण घालून पत्र्याचं शेड टाकलेलं होतंच. पोकलेन तिथे उभं राहू लागलं, डिझेलचे बॅरल तिथे आले.

त्या रात्री काय झालं

खोदकाम रात्री अकरानंतर चाले. गावाला कळायला उशीर झाला असं नाही, बोलायला उशीर झाला. शेवटी एका वयस्क मेंढपाळाने, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, "आबा, रस्ता गावाचाच होतोय ना? मग?"

फेब्रुवारी २०२३ मधल्या एका रात्री पंधरा-वीस जणांनी माळाच्या वाटेवर बैलगाड्या आडव्या लावल्या. हा पहिला निर्णय, आणि तो मी गावात येण्याआधीचा आहे. तो त्यांनी चांगला घेतला. कुणीही ड्रायव्हरच्या अंगाला हात लावायचा नाही, गाडीची किल्ली काढायची नाही, काच फोडायची नाही, असं आधीच ठरलं होतं. एकाने ११२ ला फोन लावला, दुसऱ्याने तलाठ्यांना, तिसरा मोबाइलवर चित्रण करत राहिला. अशा रात्री एक थप्पड जरी उडाली असती, तरी दुसऱ्या दिवशी मुरमाचा गुन्हा बाजूला पडून मारहाणीचा गुन्हा पुढे आला असता. असं घडलेली प्रकरणं मी नोकरीत पाहिली आहेत.

पहाटेपर्यंत तलाठी आणि मंडळ अधिकारी आले. एक पोकलेन आणि दोन डंपर जागेवर सापडले. पंचनामा झाला, वाहनं ताब्यात घेतली गेली, दोन्ही डंपरच्या आणि पोकलेनच्या चालकांवर चोरीचा गुन्हा नोंदला गेला.

पंचनाम्यात एक ओळ होती: 'अंदाजे ८५० ब्रास मुरूम उत्खनन झाल्याचे दिसून येते.' अंधारात, बॅटरीच्या उजेडात, नजरेने काढलेला हा आकडा पुढचे सात महिने आमच्या मानेवर बसला होता.

कंत्राटदाराची बाजू

तहसीलदारांच्या नोटिशीला कंत्राटदाराने दिलेलं उत्तर मी मार्चमध्ये पहिल्यांदा वाचलं. मुद्दे तीन होते आणि तिन्ही पोकळ नव्हते.

एक, ग्रामपंचायतीने लेटरहेडवर नाहरकत दिली आहे. दोन, वापरलेल्या मुरमाचं स्वामित्वधन, म्हणजे शासनाला द्यायची रॉयल्टी, रस्त्याच्या बिलांतून कापून घेतलं गेलं आहे, म्हणजे शासनाला पैसे पोचले. तीन, माळावर जुने खड्डे होतेच, दुष्काळात गावकऱ्यांनीच घरं आणि वस्तीचे रस्ते भरायला तिथून मुरूम नेला होता.

तोंडी युक्तिवाद याहून साधा होता. कंत्राटदाराचा मुकादम मला चहाच्या टपरीवर म्हणाला, "साहेब, जमीन सरकारची, रस्ता सरकारचा. ह्या खिशातलं त्या खिशात गेलं. चोरी कुणाची झाली?"

या प्रश्नाने गावातली निम्मी माणसं गप्प बसली होती. मला तो आजही महत्त्वाचा वाटतो, कारण सार्वजनिक जमिनीच्या प्रत्येक नुकसानीमागे हाच विचार असतो: जे सगळ्यांचं आहे ते कुणाचंच नाही. इथे तर खिसेही दोन नव्हते. कंत्राटदाराला रस्त्याच्या दरात मुरमाची किंमत आणि वाहतूक धरून पैसे मिळत होते. मुरूम त्याने विकत घेतला नाही, आणि तो दुरून आणायचा खर्चही वाचवला. सरकारच्या एका खिशातून निघालेला मुरूम सरकारलाच विकला गेला आणि मधली रक्कम कंत्राटदाराकडे राहिली. माळ मात्र आबांच्या मेंढ्यांचा गेला.

कोणता कायदा लावून घ्यायचा

गावकऱ्यांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा अर्ज तयार होता. मथळा होता: 'गायरानावरील सर्व अतिक्रमणे काढणेबाबत'. मी तो थांबवायला सांगितला. कारण समजायला कायद्यातले आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ५० सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणाचं. जिल्हाधिकारी अतिक्रमण काढू शकतात, त्याचा खर्च वसूल करू शकतात, जितका काळ कब्जा होता तितक्या काळाचा आकार, म्हणजे जमिनीचा सारा, घेऊ शकतात. आणि दंड? शेतीसाठी वापर असेल तर जास्तीत जास्त एक हजार रुपये, बिगरशेतीसाठी दोन हजार. नोटिशीतली मुदत उलटल्यावरही कब्जा सोडला नाही, तर शेतीसाठी दिवसाला पंचवीस आणि इतर वापरासाठी पन्नास रुपयांपर्यंत. तीन एकर माळ वर्षभर वापरून दोन हजार रुपये, एवढ्यात कुणी भाड्यानेही जागा देणार नाही.

त्याच संहितेचं कलम ४८(७) गौण खनिजाचं, म्हणजे मुरूम, वाळू वगैरेंचं. विनापरवाना उत्खनन केलं तर काढलेल्या खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड. २०१५ च्या आधी तो तिपटीपर्यंत होता. कलम ४८(८) खाली यंत्रं आणि वाहनं ताब्यात घेता येतात आणि ती सोडवायला वेगळी शास्ती भरावी लागते: ट्रॅक्टरला एक लाख, डंपरला दोन लाख, पोकलेनसारख्या उत्खनन यंत्राला साडेसात लाख. शिवाय, ही कारवाई इतर कारवाईला बाधा न येता करायची असते, म्हणजे फौजदारी गुन्हा वेगळा चालतो.

फौजदारीत तीन वाटा होत्या. पहिली चोरीची. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून ती जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) ने घेतली आहे, पण आमचा गुन्हा त्याआधीचा. सरकारी जमिनीतून विनापरवाना खनिज नेणं ही चोरीच आहे आणि पोलीस त्याचा स्वतंत्रपणे तपास करू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नदीपात्रातल्या वाळूच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. दुसरी वाट खाण व खनिज अधिनियम, १९५७ ची. कलम २१ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड, पण त्यासाठी प्राधिकृत अधिकाऱ्याने स्वतः न्यायालयात लेखी तक्रार करावी लागते. तिसरी वाट सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीला प्रतिबंध करणाऱ्या १९८४ च्या कायद्याची. कलम ३(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शासनाच्या मालकीची जमीनही त्या कायद्याच्या व्याख्येत येते. पण तिथे 'आगळीक' सिद्ध करावी लागते, म्हणजे नुकसान होईल हे ठाऊक असून ते केलं, हे. पोलिसांनी हे कलम लावलं नाही. आम्हीही त्यावर अडून बसलो नाही, कारण चोरी सिद्ध करायला लागणारे कागद आमच्या हाताशी होते आणि आगळीक सिद्ध करायला लागणारे नव्हते.

म्हणून अर्ज तीन झाले. मुरमाचा वेगळा, कुंपण आणि शेडचा वेगळा, आणि सदस्याच्या अपात्रतेचा वेगळा. 'सर्व अतिक्रमणे' हे शब्द कुठेही ठेवले नाहीत.

नऊ कुटुंबं

त्या शब्दांवर दोन रात्री वाद झाला. तरुण मुलांचं म्हणणं, नियम सगळ्यांना सारखा. सदस्याच्या गटाला तर तेच हवं होतं. त्यांनी परस्पर अर्ज दिलाही: काढायची तर सगळीच काढा, आणि नऊ कुटुंबांची नावं यादीत सगळ्यात वर घातली.

वेळ अशी होती की अर्ज पेट घेऊ शकला असता. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरच्या अतिक्रमणांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला होता. त्यानंतर गावोगाव नोटिसा लागत होत्या आणि झोपड्यांतल्या माणसांची झोप उडाली होती. त्या नऊ घरांतल्या एक आजी मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही मोजायला आलात की उठवायला?"

कायदा इथे सगळ्यांना एकाच मापाने मोजत नाही, आणि ते बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्रात भूमिहीनांच्या गायरान हक्काला इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह पडीक आणि सरकारी जमीन कसायला मिळावी यासाठीच होते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी झालेली पात्र भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची वाट दिली. आणि ज्या निकालाचा हवाला देऊन आज गायरानं रिकामी करा म्हटलं जातं, त्या जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २८ जानेवारी २०११ च्या निकालातही अपवाद लिहिलेला आहे. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्यावरच्या कब्जाचं ते प्रकरण. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितल्या. नियमित करणं फक्त अपवादात्मक बाबतीत चालेल असंही म्हटलं, उदाहरणार्थ शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेला पट्टा, किंवा जिथे आधीच शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय उभी आहे. पुढे १२ जुलै २०११ चा महाराष्ट्राचा शासन निर्णय याच निकालाच्या पाठोपाठ आला.

मी तलाठी कार्यालयात गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, वर्षानुवर्षांची उघडायला लावली. नऊपैकी सहा घरांच्या नोंदी १९९० च्या आधीच्या निघाल्या. तिघांच्या नाहीत. ती तीन घरं नंतर वेगळी झालेल्या भावांची होती. वडिलांच्या नोंदीचा उतारा त्यांच्याकडे होता, स्वतःच्या नावाची नोंद नव्हती. सहा घरांचे नियमितीकरणाचे अर्ज आम्ही वर्षं आणि पीकपाणी लिहून तयार केले. तिघांचे अर्ज वडिलांच्या नोंदीवर आधारून दिले, आणि ते कमजोर आहेत हे त्यांना तोंडावर सांगितलं.

आकडा ठरवणं

पाचपट दंड कशाच्या पाचपट? काढलेल्या मुरमाच्या किमतीच्या. म्हणजे सगळी शिक्षा ब्रासच्या एका आकड्यावर उभी. ८५० ब्रास मान्य झाले असते तर प्रकरण अर्ध्या कोटीच्या आसपास मिटलं असतं आणि कंत्राटदाराने ते भरूनही टाकले असते. त्या वर्षी तहसीलने मुरमाचं बाजारमूल्य ब्रासला १,१०० रुपये धरलं होतं. पाचपट म्हणजे ५,५००, अधिक ६०० रुपये स्वामित्वधन, एकूण ६,१०० रुपये ब्रासला. ८५० ब्रासचे होतात ५१ लाख ८५ हजार.

मी खड्डे पाहिले तेव्हा ८५० हा आकडा खरा असणं शक्यच नव्हतं. तीन खड्डे, मिळून २९ गुंठे, खोली पुरुषभरापासून दोन पुरुषांहून जास्त. पण माझ्या नजरेच्या अंदाजाला तलाठ्यांच्या नजरेच्या अंदाजापेक्षा जास्त वजन का असावं? म्हणून इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनने मोजणी मागितली. इथे माझी चूक झाली. सरकारी मोजणीची तारीख मिळेल म्हणून मी थांबलो. अर्ज एप्रिलमध्ये दिला होता. तारीख मिळाली जूनच्या उत्तरार्धातली, आणि त्याआधी दोन मोठे पाऊस होऊन गेले. सगळ्यात खोल खड्ड्यात कमरेच्या वर पाणी, कडा ढासळलेल्या. दोन दिवस पंप लावून पाणी काढावं लागलं, त्याचा खर्च गावाने वर्गणी काढून केला. मार्चमध्येच खासगी मोजणीदाराकडून तलाठ्यांसमक्ष पातळ्या घेऊन ठेवल्या असत्या, तर अपिलातला एक अख्खा मुद्दा उभाच राहिला नसता.

खड्ड्याचा तळ मोजणं सोपं, मूळ जमीन कुठपर्यंत होती हे ठरवणं अवघड. नशिबाने दुसऱ्या खड्ड्याच्या मधोमध एक सुळका शिल्लक होता. त्यावर जुनी बाभूळ होती, म्हणून पोकलेनवाल्याने तो टाळला असावा. त्याचा माथा आणि खड्ड्यांच्या चारी कडा यांच्या पातळ्या जोडून मूळ उतार काढता आला. हिशोब आला १२,३१० घनमीटर, सरासरी खोली ४.२ मीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. म्हणजे ४,३५० ब्रास.

जुन्या खड्ड्यांचा कंत्राटदाराचा मुद्दा आम्ही खोडला नाही, तपासला. उपग्रहाच्या जुन्या तारखांच्या चित्रांत तिसऱ्या खड्ड्याच्या जागी खरोखर एक लहान खड्डा दिसत होता. त्याचं क्षेत्र आणि गावकऱ्यांनी सांगितलेली खोली धरून ४५० ब्रास वजा केले. काही जण चिडले. पण जे गावाने स्वतः नेलं ते कंत्राटदाराच्या नावावर टाकणं खोटं झालं असतं, आणि एक खोटं सापडलं की मोजणीतलं सगळं खरंही संशयात जातं. उरले ३,९०० ब्रास.

याच सुमारास माहितीच्या अधिकारातून रस्त्याच्या मोजमाप पुस्तकाच्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीच्या, प्रती हाती आल्या. रस्त्यात भरलेला मुरूम ४,४६० ब्रास. परवान्याच्या पावत्या ५०० ब्रासच्या. उरलेल्या ३,९६० ब्रासचं स्वामित्वधन बिलातून कापलेलं, कारण त्याच्या पावत्या कंत्राटदार देऊ शकला नव्हता. मोजणारा माणूस जाणतो की असे दोन आकडे कधी तंतोतंत जुळत नसतात. खणलेला मुरूम मोकळा झाला की फुगतो आणि रोलरखाली पुन्हा दबतो. पण ३,९०० आणि ३,९६० इतके जवळ येणं पुरेसं बोलकं होतं. स्वामित्वधन कापल्याचा जो कागद कंत्राटदार बचावासाठी दाखवत होता, त्यानेच त्याच्याकडे परवाना नसल्याचं सिद्ध केलं.

आदेश आणि पुढचं

सप्टेंबर २०२३ मध्ये तहसीलदारांचा आदेश झाला. ३,९०० ब्रास, दंड २ कोटी १४ लाख ५० हजार, स्वामित्वधन २३ लाख ४० हजार, एकूण २ कोटी ३७ लाख ९० हजार रुपये. नाहरकतीबद्दल आदेशात म्हटलं होतं की ग्रामपंचायतीकडे गायरानाचं व्यवस्थापन आहे, खनिज द्यायचा अधिकार नाही, त्यामुळे त्या पत्राने परवानगी निर्माण होत नाही.

वाहनांच्या शास्तीचे साडेअकरा लाख मात्र आदेशाच्या कितीतरी आधी, बंधपत्रासह भरले गेले होते. यंत्र उभं राहिलं की रोजचं नुकसान होतं, म्हणून ती रक्कम कुणी अपिलात अडकवत बसत नाही. मुरमाच्या दंडाच्या सगळ्या प्रकारांत लगेच वसूल झालेला हा एकच.

कंत्राटदार साठ दिवसांच्या आत प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलात गेला. मार्च २०२४ च्या निर्णयात बिलातून आधीच कापलेलं स्वामित्वधन वजा झालं. ते योग्यच होतं, एकाच मालाचं स्वामित्वधन दोनदा घेता येत नाही. दंड कायम राहिला. त्यावर पुढचं अपील झालं आणि दंडाच्या पंचवीस टक्के, म्हणजे ५३ लाख ६२ हजार ५०० रुपये भरण्याच्या अटीवर वसुलीला स्थगिती मिळाली. ती रक्कम भरली गेली आहे.

चोरीच्या गुन्ह्यात सुरुवातीला तीन चालकच आरोपी होते. तिघेही परजिल्ह्यातले, रोजंदारीवरचे. पोकलेनचा चालक जामीन होईपर्यंत अकरा दिवस कोठडीत राहिला आणि बाहेर आला तेव्हा त्याची नोकरी गेलेली होती. ज्याच्या सांगण्यावरून खोदलं त्याचं नाव आठ महिन्यांनी, मोजमाप पुस्तकाच्या प्रती तपासात दिल्यावर जोडलं गेलं, आणि त्याला अटकपूर्व जामीन मिळाला. ही गोष्ट मला अजून टोचते.

कुंपण आणि शेडचा निकाल कलम ५० खाली झाला. दंड दोन हजार रुपये, आणि काढायची नोटीस. दोन हजार त्याच दिवशी भरले गेले, कुंपण तसंच राहिलं. ते निघालं ते तिसऱ्या अर्जामुळे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) प्रमाणे सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारा माणूस सदस्य राहू शकत नाही. अतिक्रमण भावाचं आहे, माझं नाही, असा सदस्याचा बचाव होता. पण २०१८ च्या जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की कुटुंबातल्या दुसऱ्याने केलेल्या अतिक्रमणाचा उपभोग सदस्य घेत राहिला तरी अपात्रता लागते. शेडमधलं वीज मीटर सदस्याच्या नावावर होतं. जिल्हाधिकाऱ्यांकडे सुनावणी लागताच कुंपण रातोरात निघालं. तरीही जून २०२४ मध्ये त्याला अपात्र ठरवण्यात आलं. दोन हजारांच्या दंडाने जे झालं नाही, ते खुर्ची जाण्याच्या भीतीने एका रात्रीत झालं.

पुन्हा वेळ आली तर

मोजणी आठवड्याच्या आत, पावसाची वाट न पाहता. पहिल्या पंचनाम्यात आकडा लिहूच द्यायचा नाही, 'परिमाण मोजणीअंती निश्चित करण्यात येईल' एवढंच वाक्य लिहून घ्यायचं. नजरेचा आकडा एकदा कागदावर आला की तो मागे घेणाऱ्यावर संशय येतो. आमच्या तलाठ्यांवर तो आलाच, आणि त्यांना खुलासा द्यावा लागला. त्या रात्री ते साधनाशिवाय, शंभर माणसांच्या गराड्यात उभे होते.

खाण अधिनियमाच्या कलम २१ ची तक्रार आम्ही तोंडी मागत राहिलो. प्राधिकृत अधिकाऱ्याकडून ती दाखल झालीच नाही. लेखी अर्ज वेळेत दिला असता आणि नकारही लेखी मागितला असता, तर निदान त्यावर दाद मागता आली असती. हेक्टरी पाच लाखांचं आणि पाच वर्षांचं कलम आमच्या प्रकरणात पुस्तकातच राहिलं.

सगळ्यात मोठी उणीव माळाची. आमच्या एकाही अर्जात जमीन पूर्ववत करून मागितलेली नव्हती. मी स्वतः आयुष्यभर जमीन मोजली, पण अर्ज लिहिताना मोजण्यापुढे विचार केला नाही. दंडाची रक्कम शासनाच्या तिजोरीत जाते. खड्डा बुजवायला, निदान कडा उतरत्या करायला, वर माती आणून गवत लावायला त्यातला रुपयाही आपोआप येत नाही. वाहनं सोडताना घेतलेल्या बंधपत्राच्या वेळी, किंवा स्थगितीच्या सुनावणीत, ही मागणी करायला हवी होती. ग्रामसभेचा ठराव त्याच महिन्यात व्हायला हवा होता. तो झाला वर्षाने.

कुंपणाच्या दंडाचे आकडे बदलायला हवेत, असं मला या प्रकरणानंतर ठामपणे वाटतं. शेजारच्या गुजरातने २०२० साली जमीन बळकावण्याविरुद्ध वेगळा कायदा करून दहा ते चौदा वर्षांची कैद ठेवली. तितकं कठोर कलम आपल्याकडे आलं, तर ते आधी कुंपणवाल्यावर चालेल की त्या नऊ घरांवर, याची मला खात्री देता येत नाही. पण तीन एकरांच्या धंदेवाईक वापराला दोन हजार आणि मेंढ्या बसवलेल्या जागेला एक हजार, यात फरक करणारा, बाजारभावाशी बांधलेला दंड ठेवणं अशक्य नाही. मुरमाला तो लावता येतो, तर जमिनीला का नाही?

आजची स्थिती

दुसरं अपील प्रलंबित आहे. मुरमाच्या दंडापोटी आणि वाहनांच्या शास्तीपोटी मिळून आतापर्यंत वसूल झाले ६५ लाख १२ हजार ५०० रुपये. चोरीच्या खटल्यात आरोपपत्र दाखल झालं आहे, साक्षी व्हायच्या आहेत, माझीही. सहा घरांच्या नियमितीकरणाची स्थळपाहणी झाली आहे, तीन घरांचे अर्ज त्रुटीत आहेत आणि त्यांच्या वारस नोंदीचे उतारे आम्ही गोळा करतो आहोत.

पहिल्याच पावसाळ्यात मधल्या खड्ड्यात दोन शेळ्या आणि एक कालवड बुडाली. त्यानंतर आबांनी आणि पोरांनी काट्याच्या फांद्यांचं कुंपण घातलं. पुढच्या मोसमात ग्रामपंचायतीने कडा उतरत्या करून घेतल्या, मातीला पैसे पुरले नाहीत. सुळक्यावरची बाभूळ उभी आहे. खटला निकाली निघेपर्यंत तिच्या बुंध्याशी मारलेली मोजणीची खूण हलवायची नाही, असं मी मुलांना सांगून ठेवलं आहे.